नंबर लागतो म्हणजे नेमकं काय लागतं?

प्रश्न : आमचं गाव तेलगाव, तालुका धारूर, जिल्हा बीड. घरचा ऊस आहे. दिवाळी सरली की आमच्या ओसरीवर दिवसभर एकच बोलणं असतं, नंबर कधी लागायचा? मुंबईहून सुट्टीला आलेला नातू इंग्रजी शाळेत सहावीला आहे. त्यानं हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "आबा, नंबर म्हणजे आकडा ना? मग उसाला आकडा लागतो कसा? आणि ताईचाही नंबर लागला म्हणता, तिला काय लागलं?" त्यातच गल्लीतल्या पोरांनी त्याला 'एक नंबर' आणि 'दोन नंबर' शिकवलं. त्याचं म्हणणं असं, की एक नंबर म्हणजे सगळ्यात चांगलं, तर दोन नंबर त्याच्याहून थोडंसंच कमी चांगलं असायला हवं. ते एकदम चोरीचं कसं निघालं? मला त्याला धड सांगता आलं नाही. हे अर्थ इंग्रजीतूनच आले की आपण जोडले? आणि आमच्याकडची जुनी माणसं 'लंबर' म्हणतात, ते चूक का?

उत्तर : तुमच्या नातवानं बरोबर जागी बोट ठेवलंय. शब्द इंग्रजीतून आला, पण तुम्ही लिहिलेले बहुतेक अर्थ आपल्याकडे तयार झाले. 'उसाला नंबर लागला' हे इंग्रजीत सांगून बघा. वाक्य कसंही फिरवलं तरी त्यात 'नंबर' हा शब्द बसवता येत नाही. तिथे पाळीला वेगळा शब्द आहे, प्रवेशाला वेगळा, चष्म्याच्या नंबराला तर तिसराच. मराठीनं ही सगळी कामं एकट्या नंबराकडे सोपवली.

याचं गुपित नंबर या शब्दापेक्षा 'लागणे' या क्रियापदात जास्त आहे. आपल्याकडे भूक लागते, ऊन लागतं, नजर लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, विहिरीला पाणी लागतं. यातलं काहीही माणूस स्वतः करत नाही, ते त्याला येऊन भिडतं. विहीर आपण खणतो, पण पाणी लागतं. अर्ज आपण करतो, पण नोकरी लागते. आपले कष्ट एका बाजूला आणि फळाचा क्षण दुसऱ्याच्या हाती, अशा ठिकाणी मराठी माणूस सहज 'लागणे' वापरतो. नंबर त्याच पंगतीत जाऊन बसला. नाव नोंदवणं माझ्या हातात, नंबर लागणं माझ्या हातात नाही. म्हणून या वाक्यातल्या नंबराचा अर्थ आकडा असा होत नाही. कुठल्या तरी वहीत आपलं नाव आहे, त्या वहीप्रमाणे आपली पाळी येणार आहे आणि ती आता आली, एवढा सगळा मजकूर त्या एका शब्दात आहे.

उसाच्या बाबतीत हे जितकं खरं आहे तितकं क्वचितच दुसऱ्या कशात असेल. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, जायकवाडीच्या दुसऱ्या टप्प्याचं पाणी तुमच्या भागात फिरलं आणि ऊस वाढला. तेलगावला लोकनेते सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे. शेतकरी लागवड केली की कारखान्याकडे उसाची नोंद करतो. लागवडीची तारीख, जात, क्षेत्र, गट नंबर हे सगळं त्या नोंदीत येतं. आषाढ-श्रावणातली आडसाली लागण पंधरा ते अठरा महिने उभी राहते, पूर्वहंगामी चौदा-पंधरा महिने, सुरू बारा महिने, आणि खोडवा त्याच्या हिशेबानं. कुणाचा ऊस कधी पक्व होतो ते पाहून तोडणीचा क्रम लावायचा असतो. या क्रमात आपल्या फडाची पाळी आली, टोळी येऊन कोयता पडला, की उसाला नंबर लागला.

हा नंबर उशिरा लागणं काय असतं ते तुमच्या नातवाला मुंबईत बसून कळणार नाही, पण तुमच्या बांधावर उभं राहून कळेल. उसाला तुरा आला की कांडी आतून पोकळ पडू लागते आणि वजन घटतं. ऊस उभाच राहिला तर त्या रानात पुढचं पीक घेता येत नाही. पाणी मात्र देत राहावं लागतं. २०२१-२२ च्या हंगामात मराठवाड्यात ऊस इतका झाला, की मे महिना उजाडला तरी कित्येकांच्या उसाला नंबर लागला नव्हता आणि जूनपर्यंत कारखाने चालवावे लागले. त्या उन्हाळ्यात बीड-जालन्याच्या ओसऱ्यांवर 'नंबर लागला का' हा प्रश्न किती जड मनानं विचारला गेला असेल! भाषेचा विचार करताना ही बाजू सोडून चालत नाही. शब्दाला वजन माणसाच्या गरजेतून येतं.

तोडणी झाली म्हणजे संपलं असंही नाही, कारण पुढे गाडीचा नंबर आहे. नातवाला एकदा संध्याकाळी कारखान्याच्या यार्डात घेऊन जा. ट्रॅक्टर, ट्रका आणि टायरच्या बैलगाड्या आपापल्या ओळीत उभ्या असतात. गाडीवानानं बैल सोडून चाकाला बांधलेले असतात, पुढ्यात वाढ्याची पेंढी असते, जू टेकूवर असतं आणि तो स्वतः गाडीच्या सावलीला वाकळ टाकून आडवा झालेला असतो. खिशात चिठ्ठी. मध्येच कुणीतरी ओरडतं, "चल रं, लंबर आला!" की बैल जुंपून गाडी काट्यावर. भरल्या गाडीचं वजन होतं, मग गव्हाणीकडे ऊस उतरतो, परत रिकाम्या गाडीचं वजन, आणि पावती. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला जावा असं सांगतात, कारण नंतर तो सुकतो आणि त्यातली साखरही कमी होते. म्हणजे यार्डातल्या नंबराला तास-मिनिटांचा हिशेब आहे. गाडीवानाची त्या रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवसाची खेप दोन्ही त्या नंबरावर ठरतात.

इथे एक गोष्ट मला मुद्दाम सांगावीशी वाटते. बीड जिल्ह्यातली माणसं उसाच्या दोन्ही टोकांना उभी आहेत. तुमच्यासारखे काही जण ऊस लावतात आणि नंबर लागायची वाट बघतात. त्याच वेळी जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा झाला की मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या बोलीवर सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटकाकडे दुसऱ्याच्या उसाचा नंबर लावायला निघतात. त्यांच्या जगात मोजणीचा शब्दच वेगळा आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. टोळीत माणसं किती असं कुणी विचारत नाही, कोयते किती असं विचारतात. मोजण्याचा इंग्रजी शब्द पाळीसाठी वापरला गेला आणि हत्याराचं मराठी नाव माणसं मोजायला लागलं.

आता ताईचा नंबर. 'पोरीचा मेडिकलला नंबर लागला' हे वाक्य लातूर, अंबाजोगाई, बीड या पट्ट्यात जूनपासून ऑक्टोबरपर्यंत किती घरांत बोललं जात असेल! एके काळी डीएडला नंबर लागला तरी गावात पेढे वाटले जात. इथेही अर्ज करणारे हजारो, जागा मोजक्या, मधे यादी. ज्याचं नाव यादीत वर, त्याला जागा. ज्या खासगी कॉलेजात पैसे भरून सहज प्रवेश मिळतो तिथे 'नंबर लागला' असं कुणी म्हणत नाही, 'ॲडमिशन घेतलं' असंच म्हणतात. हा फरक कुणी शिकवलेला नाही, पण बोलणारा तो कधी चुकत नाही. एकात लागणं आहे, दुसऱ्यात घेणं.

पाण्याचंही तसंच. टँकर यायच्या आधी हंडे-कळश्या ओळीनं मांडून नंबर लावलेला असतो. हंडा नसेल तर दगड, दगड नसेल तर चप्पल, आणि त्या चपलेचा नंबर सगळा गाव मानतो. इथे क्रियापद बदललं ते बघा. टँकरसमोर नंबर लावतात, म्हणजे ते काम आपलं. घरी दूध उतू जाईल म्हणून पळताना बाई शेजारणीला म्हणते, "माझा नंबर धर गं, आलेच." कुणी मधे घुसलं तर "माझ्या नंबराला का आलीस?" असं भांडण. उशीर झाला तर नंबर हुकतो किंवा जातो. शर्यतीत पोरगं पहिला नंबर मारतं, शाळेत त्याचा नंबर येतो, डॉक्टरांकडे सकाळीच जाऊन नंबर लावून ठेवतात, मोबाइलमध्ये नंबर टाकतात, डोळ्यांचा नंबर काढतात. शब्द तोच राहतो आणि अर्थ क्रियापद ठरवतं. परक्या शब्दाला इतकी घरची क्रियापदं मिळाली, की तो परका राहत नाही.

पण मुळात नंबर आपल्या गावात आला कसा? शाळेतून किंवा फोनमधून आला असं वाटतं, पण त्याच्या बऱ्याच आधी तो जमिनीतून आला. १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्या पद्धतीनं जमिनीची मोजणी सुरू केली. प्रत्येक शेताच्या हद्दी ठरवायच्या, दगड रोवायचे, शेताला एक नंबर द्यायचा आणि त्यावर सारा आकारायचा. हीच पुढे मुंबई इलाख्याची रीत झाली. तुमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथेही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दिवाण पहिल्या सालारजंगांच्या कारभारात, मुंबईच्या धर्तीवर मोजणी झाली. त्याआधी शेताला फक्त नाव असायचं, चिंचेचं, पांदीचं, माळाचं, ओढ्याकाठचं. घरात आजही तीच नावं चालतात. पण कचेरीत गेलं की शेत म्हणजे सर्व्हे नंबर, आणि एकत्रीकरणानंतर गट नंबर. इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्यालाही आपला नंबर तोंडपाठ असे, कारण जमीन आपली आहे हे त्या नंबरानं सिद्ध व्हायचं. नंबर म्हणजे सरकारी वहीतला आपला हक्क, हा अर्थ तिथे पक्का झाला असं मला वाटतं. उसाची नोंद, रेशनची यादी, प्रवेशाची यादी हे सगळं मागून आलं आणि त्याच वाटेनं चाललं.

याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे सातबारा. तलाठ्याच्या दप्तरातले गाव नमुने नंबरानं ओळखले जातात. सात नंबरचा नमुना हक्काचा, बारा नंबरचा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले आणि आकड्यांचं नाम झालं. आता त्या नामाला विभक्ती लागते, अनेकवचन होतं, म्हणी तयार होतात. 'सातबारा कोरा करा' म्हणजे कर्ज माफ करा. आणि कुणी उगाच मालकी दाखवायला लागला तर लोक विचारतात, "गाव काय तुझ्या सातबाऱ्यावर आहे का?" सात आणि बारा या आकड्यांशी या वाक्याचा आता काही संबंध उरलेला नाही.

उसाच्या जातींचंही असंच झालंय. तुमच्या नातवानं "आबा, शेतात काय लावलंय?" असं विचारलं तर तुम्ही 'दोनशे पासष्ट' किंवा 'शहाऐंशी शून्य बत्तीस' असं सांगत असाल. पहिली पाडेगावच्या संशोधन केंद्राची फुले २६५, दुसरी कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेची को ८६०३२. को म्हणजे कोइमतूर, आणि त्या आकड्यातले पहिले दोन अंक वर्षाचे. प्रयोगशाळेतला नोंदीचा नंबर शेतात येऊन पिकाचं नाव झाला.

नातवाच्या गणिताच्या शंकेकडे वळू. एक नंबर चांगलं कसं, हे सोपं आहे. पहिला तो उत्तम, ही कल्पना जगभर आहे आणि आपल्याकडे तर इंग्रजांच्या आधीपासून आहे. फारसीतून आलेले अव्वल आणि दुय्यम हे शब्द त्याच अर्थाचे. तुमच्या भागात तर ते रोजच्या कारभारातले होते. निजामाच्या राज्यात जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी म्हणजे अव्वल तालुकदार, त्याच्या खालचा दुय्यम तालुकदार. तहसील कचेरीत अगदी अलीकडेपर्यंत अव्वल कारकून होते आणि दस्त नोंदवायला आपण दुय्यम निबंधकाकडे जातो. ज्या जागेवर अव्वल होता तिथे बोलण्यात एक नंबर येऊन बसला. बाजारातला बैल, मटणाचा रस्सा, कीर्तनकाराचा आवाज, सगळ्यालाच 'एक नंबर'.

पण इथे एक बारकी गोष्ट आहे, ती नातवाला जरूर दाखवा. 'एक नंबर माणूस' ही स्तुती आहे. 'एक नंबरचा' म्हटलं की पुढे बहुधा शिवी येते. एक नंबरचा खोटारडा, एक नंबरचा आळशी, एक नंबरचा चिक्कू. एका 'चा'नं रंग बदलतो. 'एक नंबर' हे स्वतःच गुणवर्णन आहे, त्याला पुढे कशाची गरज नाही. 'एक नंबरचा' मात्र पुढे येणाऱ्या दुर्गुणाला पहिली जागा देतो. कुणी तुमच्या नातवाला 'तू एक नंबरचा आहेस' एवढंच म्हणून थांबलं, तर त्यानं खूश व्हायच्या आधी पुढचा शब्द विचारून घ्यावा.

आणि दोन नंबर? नातवाचा घोटाळा इथे झाला, की त्यानं दोन नंबरला गुणांच्या यादीतला दुसरा धरलं. इथे ती यादीच नाही. हा दोन नंबर व्यापाऱ्याच्या वहीतला आहे. एक वही सरकारला दाखवायची, कर भरायचा तो तिच्यावरून. दुसरी वही घरात ठेवायची, खरा व्यवहार तिच्यात. पहिल्या वहीतला पैसा एक नंबरचा, दुसऱ्या वहीतला दोन नंबरचा. त्यामुळे या जोडीत दोन म्हणजे कमी चांगलं असं होत नाही, उघड आणि लपवलेलं असे दोनच कप्पे आहेत. जमिनीच्या व्यवहारात आजही 'एक नंबरात किती, दोन नंबरात किती' हे शब्द सर्रास कानावर येतात आणि त्यांचा अर्थ दोन्ही बाजूंना ठाऊक असतो. तिथून दोन नंबरचा धंदा, दोन नंबरचा माल, आणि असा पैसा कमावणारा तो दोन नंबरवाला. हा रंग इतका गडद आहे, की मराठी वर्तमानपत्र मंत्रिमंडळातल्या ज्येष्ठ मंत्र्याला 'दुसऱ्या क्रमांकाचे नेते' म्हणेल, 'दोन नंबरचे नेते' कधीच छापणार नाही. इंग्रजीत मात्र नंबर टू म्हणजे सरळ उपप्रमुख, त्यात काही काळंबेरं नाही.

तुमच्या नातवाला आणखी एक जोडी शाळेत नक्की ऐकायला मिळाली असेल, लघवीला नंबर वन आणि संडासला नंबर टू. ती मात्र थेट इंग्रजीतून आली आहे, इंग्रजी शाळांच्या मार्फत. आपल्या शाळांमध्ये त्यासाठी करंगळी पुरेशी होती.

वहीतला नंबर बदनाम होण्याची उदाहरणं आणखीही आहेत. अट्टल गुन्हेगाराला हिंदीत दस नंबरी म्हणतात, ते उत्तरेकडच्या पोलीस ठाण्यांत नजरेखालच्या माणसांची नोंद ठेवणाऱ्या दहा नंबरच्या वहीवरून. १९७६ च्या हिंदी सिनेमानं तो शब्द महाराष्ट्राच्या गावागावांत पोचवला, आणि आपण नुसतं 'नंबरी' म्हणूनही काम भागवतो. चारशेवीस तर विशेषणच झालं. भारतीय दंडविधानाचं ४२० वं कलम फसवणुकीचं होतं. १ जुलै २०२४ पासून तो कायदा गेला आणि भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात फसवणूक ३१८ व्या कलमात आहे. पण कुणी कुणाला 'तीनशे अठरा आहेस' म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही, आणि ऐकायला मिळेल असं वाटतही नाही. कायदा बदलला तरी बोलण्यातला आकडा लोकांच्या ताब्यात असतो.

मग आपला स्वतःचा 'आकडा' हा शब्द या कामाला का नाही आला? कारण तो आधीच दुसऱ्या कामांत गुंतला होता. आकडा लावणे म्हणजे मटका खेळणे. आकडा लागला म्हणजे मटक्यात पैसे आले. आकडा टाकणे म्हणजे तारेवर वायर अडकवून वीज चोरणे, तिथे आकडा म्हणजे वाकवलेला हूक. अशा वेळी 'पोरीचा आकडा लागला' असं कोण म्हणेल? दोन शब्द घरात असले की भाषा त्यांची कामं वाटून देते. आपल्या जुन्या आकड्यांवरची बोलणीही कमी नाहीत. दोघांत छत्तीसचा आकडा आहे म्हणतो, तो देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून. इंग्रजी आकड्यांत ही गंमत जमत नाही. याच डोळ्यानं पोरं गाडीच्या नंबरप्लेटवर ४१४१ असं लिहून 'दादा' वाचतात आणि २१४ मध्ये 'राम' बघतात. नियमात हे बसत नाही, प्लेटवर साधी रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडेच हवेत, आणि आता उच्च सुरक्षा प्लेटा आल्यावर ही हौस मोडली. पण नंबरावरून माणूस ओळखायची सवय काही मोडत नाही. कोल्हापूरकडच्या एखाद्या फडाच्या रस्त्यावर एमएच २३ किंवा एमएच ४४ दिसला, की तोडणीला गेलेला माणूस हात करून गाडी थांबवतो, कारण तो बीडचा नाहीतर अंबाजोगाईचा नंबर आहे, गावाकडची खबर मिळेल.

इंग्रजांनीही या शब्दाशी आपापली बोलणी जोडली आहेत, ती नातवाला शाळेत भेटतील. 'आय हॅव गॉट युअर नंबर' म्हणजे फोन नंबर मिळाला असाही अर्थ होतो, आणि 'तू कसा आहेस ते मी पुरतं ओळखलंय' असाही. बॅक नंबर म्हणजे मासिकाचा जुना अंक, आणि त्यावरून कालबाह्य झालेला माणूस. 'हिज नंबर इज अप' म्हणजे त्याची घटका भरली. या शेवटच्या बाबतीत दोन्ही भाषा एका जागी येतात. पारावर बसलेला म्हातारा बरोबरीच्या कुणाच्या दहाव्याहून परत आला, की म्हणतो, "आता आपलाच नंबर." तिथेही तोच अर्थ आहे, कुठल्याशा वहीतली पाळी, जी आपल्या हातात नाही. 'राँग नंबर' मात्र आपण फोनबरोबर जसाच्या तसा घेतला आणि मग चुकीच्या माणसाच्या नादी लागणाऱ्यालाही 'तुझा राँग नंबर लागला' म्हणू लागलो. इथेही शेवटी लागलाच.

चष्म्याच्या नंबराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नातू विचारेल. तो नंबर मोजमापाचा आहे. भिंगाचं केंद्रांतर मीटरमध्ये घेऊन एकाला त्यानं भागलं की तो मिळतो. अर्ध्या मीटरवर प्रकाश एकवटणारं भिंग म्हणजे दोन नंबरचं, आणि या दोन नंबरात लपवण्यासारखं काही नाही. आपल्याकडे त्यासाठी एक सुरेख जुना शब्द होता, चाळिशी. वयाच्या चाळिशीत जवळचं दिसेनासं होतं म्हणून चष्म्यालाच चाळिशी म्हणायचे. तो शब्द मागे पडतोय याचं मला वाईट वाटतं.

नंबराला मराठी शब्द नाही असं नाही. 'क्रमांक' आहे, चांगला आहे. सावरकरांनी रुजवलेल्या शब्दांत दिनांकाबरोबर क्रमांकही सांगितला जातो. बक्षीस समारंभात प्रथम क्रमांक पुकारतात, पासबुकावर खाते क्रमांक असतो, आणि तिथे तो शोभतोही. पण क्रमांक कागदावर राहिला. गाडीवान रात्री दोन वाजता उठून 'माझा क्रमांक कधी लागेल' असं विचारत नाही. भाषा बिघडली म्हणून यात कुणी खंत करावी असं मला वाटत नाही. ज्या शब्दानं गेली दीडशे वर्षं तुमच्या जमिनीची, पाण्याची आणि उसाची वाट पाहिली, तो एव्हाना तुमचाच झालाय.

राहिला लंबर. तो चूक नाही. शब्दाच्या सुरुवातीचा न आणि ल यांची अदलाबदल आपल्या भाषेत जुनी आहे. कडू पाल्याचं झाड कुठे निंब, तर तुमच्याकडे लिंब. निंबोणीची लिंबोणी होते. तोंडाला जे वळण आधीपासून होतं, त्यात बाहेरचा शब्दही बसला. आणि अशी बदलाबदल खेड्यातच होते असंही नाही. इंग्रजी नंबराचं मूळ लॅटिन न्यूमेरस. त्यात 'ब' नाहीच. तो फ्रेंचांच्या तोंडी मधे शिरला आणि इंग्रजांनी तसाच घेतला. फ्रेंचांनी ब घातला तर शब्द शुद्ध आणि धारूरच्या म्हातारीनं ल घातला तर अशुद्ध, असा न्याय करता येणार नाही. नातू सुट्टीत 'लंबर' म्हणायला लागला तर म्हणू द्या. शाळेच्या वहीत मात्र नंबर लिहायला सांगा, तिथे गुण बाई देतात.